उलटा कासोटा

"बाबा, नो," गुंजन दारातूनच ओरडली. "प्लीज. एख्त निट!"

पंधरा वर्षांची मुलगी डच भाषेत 'अजिबात नाही' म्हणते, तेव्हा शहाण्या बापाने जे काय चाललंय ते थांबवावं. पण सुबोध आरशासमोरून हलला नाही. वरच्या अर्ध्या भागात तसं काही वावगं नव्हतं. पांढरा शर्ट, टाय, काळं जाकीट, कुठल्याही जावयाला शोभेल असं. घोटाळा कमरेखाली होता. तिथे हिरव्या-निळ्या चौकटींचा जाड लोकरीचा किल्ट, त्यावर पुढे लोंबणारा चामडी बटवा आणि त्याखाली दोन गुडघे. त्या गुडघ्यांना पुणं सोडल्यापासून ऊन लागलेलं नव्हतं आणि ते लपत नव्हतं.

"माझी मैत्रीण तू जाणार त्याच रस्त्यावर राहते," गुंजन म्हणाली. "शी विल सी यू."

"बघू दे की. हा स्कॉटिश लोकांचा मानाचा पोशाख आहे. तो आत्मविश्वासाने आणि आदराने घालायचा असतो."

हे वाक्य सुबोधचं नव्हतं. गेले तीन आठवडे तो रात्री जेवणानंतर जे व्हिडिओ बघत होता, त्यातल्या एका दाढीवाल्या गृहस्थाचं ते होतं. आपल्या मराठी माणसाचं हे असंच असतं. पोहायला शिकायचं म्हटलं की आधी पुस्तक आणतो.

आता हा किल्ट सुबोधच्या कमरेला का आला ते सांगायला हवं. नेदरलँड्समधल्या नायमेखनला संगणकाच्या चिपांच्या कंपनीत नोकरी लागून त्याला नऊ वर्षं झाली होती. 'एकदा कॉफी घेऊ या' म्हणणारे त्याला इथे पुष्कळ भेटले. खरोखर कॉफी घेणारा एकच निघाला, तो शेजारच्या टेबलावरचा कॅलम. हा स्कॉटलंडचा. नीलांबरीची आई आजारी असताना ती दोन महिने पुण्याला गेली, तेव्हा सुबोधच्या हातची खिचडी तक्रार न करता खाणारा जगातला एकमेव माणूसही तोच. या कॅलमचं मार्लूस नावाच्या डच मुलीशी लग्न ठरलं आणि त्याने सुबोधला साक्षीदार म्हणून बोलावलं. कॅलमचं इंग्रजी कळायला सुबोधला पहिलं वर्ष लागलं होतं, तेव्हा आपण ते मराठीतच ऐकू.

"साक्षीदार खरा माझा भाऊ व्हायचा," कॅलम म्हणाला. "पण तो ऑस्ट्रेलियात, त्याच्या बायकोचे दिवस भरलेत. त्याचा किल्ट बाबांकडे आहे. तू घालशील?"

"मी?" सुबोधला भरून आलं. "अरे, पण तुझ्या बाबांना चालेल?"

कॅलमने कॉफीत उगाच चमचा फिरवला. "दोन वर्षांपूर्वी आई गेल्यापासून बाबा आणि मी हवामानावरच बोलतो. त्यांनी एवढंच कळवलंय की घालायचा तर घालू दे, पण त्याला सांग, हे सोंग नाही. आमच्या घराण्याचं वस्त्र आहे. हसं व्हायला नको."

झालं! त्या दिवसापासून सुबोधने व्हिडिओ बघायला घेतले. कॅलमच्या बाबांचं नाव फर्गस. सुबोधने त्यांचा फोटो बघितला होता. फोटोतसुद्धा ते त्याच्याकडेच रोखून बघत होते. दोन वर्षं मनातलं काही न बोललेला बाप मुलाच्या लग्नाला येणार, आणि तिथे आपल्यामुळे काही वेडंवाकडं झालं तर कॅलमला तोंड कसं दाखवायचं, हा विचार काही केल्या त्याच्या डोक्यातून जाईना.

किल्ट टपालाने यायला वेळ होता, म्हणून त्याने नीलांबरीच्या परकरावर सराव सुरू केला. बसताना मागून हात फिरवून घोळ सारखा करायचा, गुडघे जुळवून बसायचं, जिना चढताना घाई करायची नाही. एकदा बेल वाजली आणि तो मरून रंगाच्या परकरातच दार उघडायला गेला. शेजारच्या डच बाई त्याचं पार्सल द्यायला आल्या होत्या. त्यांनी परकराकडे पाहिलं, सुबोधकडे पाहिलं, पार्सल हातात ठेवलं आणि "हवा आता जरा सुधारतेय," असं म्हणून निघून गेल्या. या देशात माणसाला कुणी काही विचारत नाही, हे सुख मोठं आहे.

किल्ट आला तेव्हा नीलांबरीने तो टेबलावर पसरला. ती नऊवाऱ्या शिवते आणि नेसवतेही. नऊ वर्षांपूर्वी नवऱ्याच्या व्हिसावर आली तेव्हा हाताला काम नव्हतं. आज रायस्वाइकपासून हार्लेमपर्यंतच्या बायका गणपतीच्या आधी तिच्याकडे रांग लावतात. तिने निऱ्या मोजल्या, कापड चिमटीत धरून बघितलं आणि बोटं फिरवत हिशेब केला.

"अरे, हे आठ वार आहे!"

"हो, म्हणतात तसं."

"म्हणजे आपल्या नऊवारीपेक्षा एकच वार कमी. आणि एवढ्या कापडात कासोटा नाही? नुसतं गुंडाळायचं आणि वाऱ्यावर सोडून द्यायचं?"

"नीलू, ती त्यांची परंपरा आहे."

"असेल. पण वारा इथला आहे."

तिचं म्हणणं त्या वेळी सुबोधने हसण्यावारी नेलं. ते लग्नाच्या दिवशी सकाळी, असं आरशासमोर उभं असताना, अंगाशी आलं.

"बरं, तू निघणार कसा?" नीलांबरीने स्वयंपाकघरातून विचारलं. ती दुपारच्या जेवणासाठी वड्यांचं सारण करत होती. "आज नदीवरच्या मोठ्या पुलावर पळण्याची शर्यत आहे. गाड्या बंद, बस बंद."

"अगं, मग ट्रेनने जातो."

"रुळांची कामं चालू आहेत."

"मला आधी सांगायचं नाही?"

"सांगितलं होतं. तू 'हं' म्हणालास. त्या दाढीवाल्याचा व्हिडिओ चालू होता."

राहता राहिली सायकल. नदीच्या उत्तरेच्या या घरापासून गावातल्या ज्या नगरपालिकेत लग्न होतं तिथपर्यंत फीट्सने, म्हणजे सायकलने, वीस मिनिटं, त्यातला निम्मा रस्ता वाल नदीवरच्या सायकलींच्या पुलावरून. सुबोधने खिडकीबाहेर पाहिलं. समोरच्यांच्या बागेतली प्लॅस्टिकची खुर्ची लॉनवरून आपली आपण चालली होती.

त्याने अंगणात सायकल काढली आणि सराव म्हणून एक टांग टाकली. पुढच्या क्षणी वाऱ्याने आठच्या आठ वार उचलले आणि त्याच्या डोक्यावर घातले. आत पुण्याहून दर खेपेला आणली जाणारी पट्ट्यापट्ट्यांची, नाडीची चड्डी होती. ती अख्ख्या गल्लीने पाहिली.

"ओ माय गॉड!" असं म्हणून गुंजन वरच्या मजल्यावर गेली ती आलीच नाही.

सुबोध किल्ट दाबत घरात परतला. "नीलू, मी संपलो. त्या म्हाताऱ्याच्या डोळ्यांदेखत हे झालं तर? सोंग नाही म्हणून बजावलंय त्यांनी! कॅलमला काय सांगू?"

नीलांबरीने हात धुतले. त्याच्याभोवती एकदा फिरली. एखाद्या नवरीची आई रडत यावी आणि नऊवारीचा घोळ तिच्या स्वाधीन करावा, तेव्हा जो चेहरा होतो तोच आता तिचा झाला होता.

"कासोटा घालू."

"किल्टला?"

"बायका नऊवारीत लेझीम खेळतात, फुगड्या घालतात, बुलेट चालवतात. तुला साधी सायकल चालवता येईना? पाय फाकव."

"अगं, पण निऱ्या मागे आहेत!"

"म्हणून काय झालं? नऊवारीत पुढून मागे जातो, इथे मागून पुढे आणायचा. उलटा कासोटा."

तिने मागच्या निऱ्यांचा काठ धरला, दोन पायांमधून पुढे ओढला, बेंबीखाली आत खोचला आणि हातातल्या बांगडीला अडकवलेल्या सेफ्टी पिना काढल्या. मराठी बाई देश सोडेल, बांगडीतल्या पिना सोडणार नाही. चार पिना लागल्या. वरून बटवा आला. लांबून बघितलं तर काही कळत नव्हतं. जवळून बघितलं तर लोकरीच्या लंगोटातला पैलवान दिसत होता.

"तिथे पोचलास की बाथरूममध्ये जा आणि पिना काढ. कापडाला भोक पडणार नाही, बारीक पिना आहेत. मी आणि गुंजन वडे घेऊन फोटोंच्या वेळेला येतो."

आणि खरं सांगायचं तर सायकलवर काय मजा आली! पुलावर वारा असा होता की समोरून येणारे रडत होते. एका माणसाची टोपी नदीत गेली. सुबोधचा किल्ट मात्र जागचा हलला नाही. इलेक्ट्रिक सायकलवरच्या एका आजींनी त्याला मागे टाकताना "वाट मोय!" म्हणजे 'काय सुंदर!' असं ओरडून सांगितलं. सुबोधची छाती फुगली. त्याने एक हात सोडून त्यांना सलाम केला. इथवर आपण आदराने वागत होतो, आता आत्मविश्वासही आला, असं त्याला वाटलं. देवाला असली वाक्यं ऐकू येतात.

नगरपालिकेच्या जुन्या इमारतीत तो वेळेत पोचला. बाथरूममध्ये जाऊन आरशासमोर वाकला आणि पिना काढू लागला. पहिली निघाली. दुसरी निघाली. तिसरी जरा झगडली, पण निघाली. चौथी हलेना. त्याने बटवा बाजूला केला, हनुवटी छातीला टेकवून बघितलं. पोट मधे येत होतं. चाचपडल्यावर त्याच्या लक्षात आलं की पीन किल्टमधून गेली आहे, कासोट्यातून गेली आहे आणि पुढे जाऊन चड्डीच्या नाडीत शिरली आहे. नाडीची गाठ पिनेत, पिनेचं तोंड गाठीत. ओढावं तर घराण्याचं वस्त्र फाटणार. सोडावं तर कासोटा घालून सही करावी लागणार.

तो कंबरेत वाकून, एक पाय बेसिनवर टेकून, दातओठ खात असताना दार उघडलं.

आत आले ते फर्गस. सहा फूट उंच, पांढऱ्या भुवया, अंगावर त्याच चौकटींचा किल्ट. त्यांनी स्वतःचा बटवा दोन्ही हातांनी धरला होता. सुबोधला बघून ते दारातच थांबले. त्यांची नजर सुबोधच्या चेहऱ्यावरून खाली गेली, आणि मग तिथेच राहिली.

"तू," ते हळूच म्हणाले, "माझ्या मुलाच्या किल्टला काय करतो आहेस?"

सुबोधची पाचावर धारण बसली. एवढे तीन आठवडे ज्या क्षणाला भ्यालो, तो असा बेसिनवर पाय ठेवून भेटेल असं त्याला वाटलं नव्हतं. 

"सर, वारा होता. सायकल होती. कपड्याचं हसं होऊ नये म्हणून माझ्या बायकोने कासोटा... म्हणजे आमच्याकडे नऊ वारांना पायांमधून घेतात. इथे आठच आहेत, पण... सर, मी अपमान करत नव्हतो हो! मी अपमान होऊ नये म्हणूनच करत होतो!"

फर्गस जवळ आले. चष्मा वर केला, खाली वाकले आणि नीट बघितलं. "तुझ्या बायकोने हे कात्री न लावता केलं?"

"नुसत्या पिना, सर. एक अडकलीये. नाडीत."

बाहेरून कुणीतरी डचमध्ये 'पाहुण्यांनी आत यावं' असं सांगत होतं. फर्गसने एक सुस्कारा सोडला, दोन्ही गुडघे फरशीवर टेकले आणि पायातल्या लांब मोज्यात हात घालून छोटा चाकू बाहेर काढला.

"हलू नकोस," ते म्हणाले.

सुबोध हलला नाही. श्वासही घेतला नाही. आणि नेमकं तेव्हाच दार पुन्हा उघडलं आणि नवरदेव आत आला. दोन वर्षं बापाशी हवामानावर बोलणाऱ्या मुलाने पाहिलं ते असं: बाप गुडघ्यांवर, हातात चाकू, आणि त्याच्या समोर डोळे मिटून भिंतीला टेकलेला साक्षीदार.

"बाबा! नको!" कॅलम ओरडला.

"ओरडू नकोस, हात हलतो," फर्गस म्हणाले आणि नाडी कापली.

कासोटा सुटला. आठ वारांच्या निऱ्या सळकन जागच्या जागी पडल्या, एक धागाही न उसवता. फर्गसने मागे होऊन बघितलं आणि मान हलवली. अडचण एकच होती. नाडी कापलेली चड्डीही सळकन जागच्या जागी पडली होती, म्हणजे घोट्यांपाशी.

तिघांनी खाली बघितलं.

"आता ती तुला उपयोगी नाही," फर्गस म्हणाले. "शिवाय परंपरा पाहिलीस तर किल्टखाली तिची गरजही नाही."

अशा रीतीने सुबोधने परंपरा संपूर्ण पाळली. किल्टला खिसे नसतात, जाकिटाचे नुसते दिसायला होते, तेव्हा त्याने चड्डीची घडी करून ती बटव्यात कोंबली आणि सभागृहात जाऊन मार्लूसच्या बहिणीशेजारी उभा राहिला. दोन्ही हात मांड्यांवर घट्ट, पाठ ताठ, नजर समोर. कुणी बघितलं असतं तर वाटलं असतं, हा माणूस या पोशाखात जन्मला. खरं म्हणजे तो फक्त एकच प्रार्थना करत होता, की कुणी खिडकी उघडू नये.

लग्न लावणाऱ्या बाई मोठ्या प्रेमळ. त्यांनी वधूवरांची गोष्ट सांगितली, सगळे हसले, दोघं 'या', म्हणजे 'हो', म्हणाली, अंगठ्या झाल्या. मग बाई चष्मा लावून सुबोधकडे वळल्या. "आता साक्षीदार. सहीच्या आधी तुमचं ओळखपत्र दाखवता का?"

ओळखपत्र बटव्यात होतं. चड्डीखाली.

सुबोधने बटवा उघडला आणि दोन बोटं आत सरकवली. कार्ड काही हाताला लागेना. बाई थांबल्या होत्या. मार्लूसचे आईवडील थांबले होते. त्याने जरा जोर लावून कार्ड ओढलं. कार्ड आलं, आणि त्याच्याबरोबर पट्ट्यापट्ट्यांचं कापड अर्धं बाहेर आलं. पहिल्या रांगेतल्या सगळ्यांनी ते पाहिलं. आत कोंबायला उशीर झाला होता. माणसाचं डोकं अशा वेळी जे सुचवतं, ते सुबोधने केलं. त्याने ते सगळंच बाहेर काढलं, चेहऱ्याला लावलं आणि डोळे पुसले.

मग मार्लूसच्या आईने एक हुंदका दिला. "बघा," ती नवऱ्याला म्हणाली, "भारतातून आलेला माणूस, मित्रासाठी रडतोय." ती रडली तशी मार्लूस रडली. लग्न लावणाऱ्या बाईंनी चष्मा काढला. सुबोध आता थांबू शकत नव्हता. त्याने नाकही पुसलं. चड्डी धुतलेली होती, एवढं मात्र नीलांबरीच्या घराण्याच्या कीर्तीसाठी सांगायला हवं.

खरं काय ते आणखी दोघांनाच ठाऊक होतं. त्यातल्या एकाला, म्हणजे कॅलमला, बापाकडे बघायचा धीर होत नव्हता. शेवटी त्याने बघितलं. फर्गसने तोंड खिडकीकडे वळवलं होतं आणि त्यांचे खांदे गदागदा हलत होते. आईच्या अंत्यविधीलाही न हललेले खांदे. ते हसताहेत की रडताहेत, हे कॅलमला कळेना. बहुतेक फर्गसनाही कळत नसावं. कॅलम तसाच उठला आणि अंगठी घातलेल्या हाताने बापाच्या गळ्यात पडला. फर्गसने त्याला असं घट्ट धरलं की सही करायला सगळ्यांना थांबावं लागलं. सुबोधला आता खरंच रडू आलं. पुसायला कापड हातात होतंच.

फोटोंच्या वेळी चौकात वारा सुटला होताच. सुबोध हात खाली दाबून एखाद्या पहारेकऱ्यासारखा ताठ उभा राहिला. फोटोग्राफर इतरांना सांगत होता, "त्या गृहस्थांकडे बघा, असं उभं राहा!" नीलांबरी मालवाहू सायकलवर वड्यांचे डबे घेऊन आली, पाठोपाठ गुंजन.

"सुटला का रे कासोटा?" तिने कानात विचारलं.

"सुटला. सगळंच सुटलं. आत्ता काही विचारू नकोस."

जेवणाच्या वेळी फर्गस उभे राहिले. सुबोधच्या हातातला वडा तसाच राहिला. आता सगळं बाहेर येणार, असं त्याला वाटलं.

"किल्ट घातलेली पुष्कळ माणसं मी पाहिलीत," फर्गस म्हणाले. "काहींना तो शोभतो, काहींना शोभत नाही. आज एका माणसाने तो सांभाळला. त्यासाठी त्याने काय सोसलं ते मला माहीत आहे, मी सांगणार नाही." सगळे हसले, कारण कुणाला कळलं नव्हतं. फर्गसने ग्लास सुबोधकडे केला. "आमचं वस्त्र तू घातलंस. मी परवा परत जातो. उद्या तुझ्या घरी येईन. तुमच्याकडे पुरुष लग्नात जे नेसतात, धोतर ना? ते मी नेसणार. तू मला शिकव."

टाळ्या पडल्या. सुबोधही टाळ्या वाजवत होता. टाळ्या वाजवता वाजवता त्याच्या लक्षात आलं की आपल्याला धोतर नेसता येत नाही.

किल्टचे पट्टे कुठल्या बाजूला हे त्याला माहीत होतं. निऱ्या कशा मोजायच्या, मोजे किती दुमडायचे, सगळं पाठ होतं. धोतराचं पहिलं टोक कुठलं, हे त्याला माहीत नव्हतं. इथल्या गणपतीला तो जीन्सवर झब्बा घालून जायचा आणि बाहेर थंडी असते म्हणून सांगायचा. सप्टेंबरात.

"बाबा," गुंजन त्याच्या शेजारी येऊन बसली होती. सकाळपासून पहिल्यांदाच. आणि ती चक्क पूर्ण मराठीत बोलली. "तू धोतर नेसतो? मी कधी बघितला नाही."

सुबोधला फार लाज वाटली. चौकात वाऱ्याने किल्ट उडवला असता तरी एवढी वाटली नसती. तो उठला आणि फर्गसना बाजूला घेऊन गेला.

"सर, खोटं बोलवत नाही. मला येत नाही. माझ्या लग्नात मामाने नेसवलं होतं. मी नुसते हात वर करून उभा होतो."

फर्गस आजूबाजूला कुणी नाही असं पाहून खाली वाकले.

"माझा किल्ट चाळीस वर्षं माझी बायको बांधायची," ते म्हणाले. "मीही हात वर करून उभा राहायचो. आज पहिल्यांदा माझा मी बांधला. हॉटेलात पहाटेपासून एका दाढीवाल्याचा व्हिडिओ बघत होतो. तरी इथे आल्यावर सुटायला लागला, म्हणून बाथरूममध्ये आलो. तिथे तू होतास."

मग सुबोधने त्यांना आणखी एक वडा आणून दिला.

दुसऱ्या दिवशी फर्गस आले. नीलांबरीने कुणाच्या तरी मुंजीत मिळालेली, घडीही न मोडलेली धोतरजोडी काढून ठेवली होती. गुंजनने फर्निचर भिंतीला सरकवलं आणि धोतराची एकेक घडी दोघांसमोर ठेवली. सुबोध आणि फर्गस खोलीच्या मधोमध शेजारी शेजारी उभे राहिले. नीलांबरी पदर खोचून पुढे आली, आणि तिला येताना बघताच दोघांनीही मुकाट्याने हात वर केले.

"हात खाली," नीलांबरी म्हणाली. "मी फक्त सांगणार."